नळ, पंप आणि कोळसा
(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही ज्येष्ठांनी विचारले, की विकास आणि कार्बन यांच्याशी आपल्या मराठी मंडळाचे काय देणेघेणे? आहे मंडळी. आपण इंदूरकर नर्मदेचे पाणी पितो. ते जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, पंपांनी घाट चढवून आणावे लागते. कॉलन्या वाढल्या की पंपांचे काम वाढते, आणि आपल्या प्रदेशातली बरीचशी वीज आजही कोळशाची. नळ आपल्या घरी सुटतो, धूर दुसऱ्याच्या गावी निघतो.

सरकार सांगते, २००५ ते २०२० या काळात देशाच्या उत्पन्नातील दर रुपयामागचे उत्सर्जन ३६ टक्क्यांनी घटले. आकडा खरा आहे, अभिमानाचाही आहे. पण त्याच काळात उत्पन्न दुपटीहून अधिक झाले, म्हणून एकूण धूर वाढलाच. पोळीमागे तूप कमी केले आणि पंगत दुप्पट बसवली, तर तुपाचा डबा रिकामा व्हायचाच!

मग वाढ थांबवायची का? मुळीच नाही. अमेरिकेत माणशी साधारण १४ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, आपल्याकडे २ टनांच्या आसपास. त्यांनी आपल्याला उपदेश करू नये. ब्रिटनने १९९० नंतर अर्थव्यवस्था वाढवत उत्सर्जन जवळपास निम्म्यावर आणले, ३० सप्टेंबर २०२४ रोजी शेवटचे कोळशाचे वीज केंद्रही बंद केले. त्यांचा बराच माल आता बाहेरच्या देशांत बनतो, ही गोष्ट मात्र ते हळूच सांगतात.

आपल्या नगर निगमाने फेब्रुवारी २०२३ मध्ये जलूदच्या ६० मेगावॉट सौर प्रकल्पासाठी हरित रोखे काढून २४४ कोटी रुपये उभे केले. याचे आम्ही मनापासून स्वागत करतो. परंतु सूर्य रात्री नसतो, पंप रात्रीही चालतात. शिवाय फुटक्या पाइपातून रस्त्यावर वाहणारे पाणीसुद्धा वीज खाऊनच घाट चढलेले असते. त्या दुरुस्तीचा ना फोटो निघतो, ना उद्घाटन होते.

तेव्हा मत मागायला येणाऱ्या प्रत्येक पार्षदाला आपण दोन आकडे विचारू: हजार लिटर पाण्यामागे किती युनिट वीज लागली, आणि वर्षभरात एकूण किती? पहिला आकडा ते आनंदाने देतील. दुसरा मिळेपर्यंत त्यांना चहा देऊन बसवून ठेवावे.