रेंज नाही, म्हणून बॅटरी नाही
(मलकापूर येथे महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणातून)

मैत्रिणींनो, शाहूवाडीच्या डोंगरातल्या वाड्यांवर एक गोष्ट नेहमी कानावर येते. दुपारीच मोबाईलची बॅटरी उतरते, आणि घरात विचारलं जातं, ‘कुणाशी एवढी बोलत होतीस?’ या संशयावरून मारही खाल्लाय बायकांनी.

कारण फोनच्या पोटात आहे. आपला आवाज टॉवरपर्यंत पोचवायला त्यात एक चिमुकला भाग असतो, पॉवर अॅम्प्लिफायर. टॉवर जवळ असला की तो हळू बोलतो, मध्ये डोंगर आला की ओरडतो. टू-जीचा साधा फोन 2 वॅटपर्यंत जोर लावतो. फोर-जीचा जोर 0.2 वॅटच्या आसपास. पण तिथे संदेश बिघडू नये म्हणून अॅम्प्लिफायर जपून चालवावा लागतो, आणि घेतलेल्या विजेतला मोठा वाटा नुसती उष्णता होऊन जातो. फोन तापतो तो त्यामुळेही. ही नासाडी कमी करायची आणि सगळं एका स्वस्त चिपवर बसवायचं, यासाठी इंजिनिअर झटताहेत. (त्यांच्या चर्चेत आपली वाडी कुठे असते?)

बोललं नाही तरी रेंज शोधण्यात बॅटरी जाते, हे घरी ठणकावून सांगा. फोन रेंज येते त्या खिडकीपाशी ठेवा. 2017पासूनच्या नियमाप्रमाणे साध्या फोनवर 5 किंवा 9 दाबून धरलं की 112 लागतो. तेवढी बॅटरी राखा. आणि टॉवरचा अर्ज पुढच्या ग्रामसभेत आपणच देऊ.