सामुद्रधुनीच्या दोन्ही तीरांवर



मधुमेहाचा एकही रोगी आप्तांत नाहीं, असें कुटुंब आपल्या शहरांतून आज विरळाच. अशा रोग्याच्या घरीं इन्शुलिनची जी लहानशी कुपी जपून थंड ठेवलेली असते, तिच्यावर पुष्कळदां एका डॅनिश कंपनीचें नांव असतें. साठ लाख वस्तीच्या चिमुकल्या डेन्मार्कनें ही विद्या कशी मिळविली, आणि पुढें शेजारच्या स्वीडनशीं हातमिळवणी करून सीमेवरचा मुलूख औषधविद्येचें माहेरघर करण्याचा घाट कसा घातला, ती हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

ऑगस्ट क्रोग हे कोपनहेगनचे शरीरशास्त्रज्ञ. १९२० सालचें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालेलें होतें. १९२२ सालीं ते व्याख्यानांकरितां अमेरिकेस गेले. त्यांच्या पत्नी मारी क्रोग ह्या स्वतः डॉक्टर आणि संशोधक. त्यांना मधुमेह जडला होता. कॅनडांतील टोरॉन्टो येथें इन्शुलिनचा शोध नुकताच लागलेला. क्रोग तिकडे वळले आणि तें औषध आपल्या देशीं तयार करण्याची परवानगी घेऊनच परतले. हागेडोर्न नांवाच्या डॉक्टराच्या साह्यानें १९२३ सालीं कारखाना उभा राहिला. तेथें नोकरीस असलेले पेडरसन बंधु लवकरच बाहेर पडले आणि १९२५ सालीं त्यांनीं 'नोव्हो' ही प्रतिस्पर्धी संस्था काढली. दोघांची ही चुरस साठांहून अधिक वर्षें चालली, व १९८९ सालीं दोन्ही घरें एक झालीं. चुरशीचा लाभ रोग्यांना झाला असें मला वाटतें. हागेडोर्न ह्यांनीं माशांपासून मिळणारें प्रोटामिन इन्शुलिनमध्यें मिसळून त्याचा गुण शरीरांत सावकाश उतरेल अशी योजना १९३६ च्या सुमारास केली, आणि दिवसांतून अनेक वेळां सुई टोंचून घेण्याचा जाच पुष्कळ कमी झाला.

आतां पलीकडच्या तीराकडे वळूं. ओरेसुंड सामुद्रधुनीच्या पूर्वेस स्कोने प्रांत आहे. तो १६५८ पर्यंत डेन्मार्कचा होता. तहानें स्वीडनकडे गेला. तेथील प्रजा मनानें स्वीडिश व्हावी हाही एक हेतु धरून १६६६ सालीं लुंड येथें विद्यापीठ स्थापण्यांत आलें. दोन राष्ट्रांना अलग करण्यासाठीं निघालेलें हें विद्यापीठ आज त्यांना जोडण्याच्या कामीं पुढें आहे, ह्या दैवगतीची गंमत वाटल्यावांचून राहत नाहीं! ह्याच लुंडमध्यें एड्लर आणि हर्ट्झ ह्यांनीं १९५३ सालीं, धातूंतील चिरा शोधण्याचें ध्वनियंत्र आणून त्यानें जिवंत हृदयाची हालचाल टिपली. हृदयाचा 'इको' काढतात तो हाच. निल्स आल्वाल ह्यांनीं कृत्रिम मूत्रपिंडाचा प्रयोग १९४६ सालीं केला तोही येथेंच.

हे दोन तीर १ जुलै २००० रोजीं सांधले गेले. सांधणीची लांबी सुमारें सोळा किलोमीटर; तींत जवळजवळ आठ पुलाची, चार मुद्दाम निर्माण केलेल्या बेटाची व चार समुद्राखालील बोगद्याची. सबंध पूलच कां बांधला नाहीं? कारण कोपनहेगनचा विमानतळ किनाऱ्यालगत आहे. उंच मनोरे विमानांच्या वाटेंत आले असते. पुलाआधींच, १९९७ सालीं, विद्यापीठें व औषधधंदा ह्यांना एकत्र आणणारी 'मेडिकॉन व्हॅली' नांवाची संस्था निघाली होती. व्हॅली म्हणजे खोरें. पण ह्या सपाट मुलुखांत खोरें शोधूनही सांपडावयाचें नाहीं. कॅलिफोर्नियाचा मोह, दुसरें काय!

तथापि पुलानें सीमा पुसली जात नाहीं. माल्मोमध्यें बिऱ्हाड स्वस्त म्हणून तेथें राहावें आणि नोकरी कोपनहेगनला करावी, असा क्रम पुष्कळांनीं धरला. त्यांचें नाणें दोन प्रकारचें, कराचा हिशेब दोन सरकारांशीं. निर्वासितांचा लोंढा आल्यावर जानेवारी २०१६ पासून स्वीडननें ओळखपत्राची सक्ती केली. पस्तीस-चाळीस मिनिटांचा प्रवास लांबला, आणि मे २०१७ पर्यंत प्रवाशांनीं तो त्रास सोसला. प्रयोगशाळेंतील तरुणाची सकाळ दूरच्या राजधानींतील एका निर्णयानें बदलते, हें अशा योजना आंखणारांनीं ध्यानांत ठेवलें पाहिजे.

त्याहून मोठी परीक्षा २०१० सालीं झाली. ॲस्ट्राझेनेका कंपनीनें लुंडचें संशोधनकेंद्र बंद करण्याचें जाहीर केलें. सुमारें नऊशें माणसांचें काम गेलें. दम्यावरील प्रसिद्ध औषधें जेथें तयार झालीं, त्याच ह्या इमारती. त्या ओस पडल्या नाहींत. एका न्यासानें जागा घेतली, आणि २०१२ पासून तेथें लहान लहान कंपन्या व विद्यापीठाचे संशोधक येऊन राहिले. शिकलेलीं माणसें तेथेंच होतीं, म्हणून हें साधलें. माझ्या मतें ह्या मुलुखाचें खरें भांडवल पुलापेक्षां हें होय. हेंच भांडवल आतां डॅनिश तीरावर कसोटीस लागलें आहे: सप्टेंबर २०२५ मध्यें नोव्हो नॉर्डिस्कनें जगभरांतील सुमारें नऊ हजार जागा कमी करण्याचें ठरविलें, त्यांपैकीं पांच हजारांच्या आसपास एकट्या डेन्मार्कमधील.

लुंडच्या बाहेरील शेतांत 'मॅक्स फोर' हें क्ष-किरणांचें प्रचंड यंत्र २०१६ पासून सुरू आहे. त्याच्या शेजारीं न्यूट्रॉनचा झोत निर्माण करणारी युरोपीय प्रयोगशाळा उभारली जात आहे. प्रथिनांच्या रेणूंतील हायड्रोजनचे अणु तिच्या साह्यानें दिसतील. ह्या प्रयोगशाळेचे यजमान दोन्ही देश आहेत. यंत्र लुंडला आणि त्यांतून निघणाऱ्या आंकड्यांची छाननी कोपनहेगनला, अशी कामाची वांटणी त्यांनीं आपसांत केली आहे.