एकटी गेले, चारशे तीस मीटर आधी परतले



मी राहते मुलुंडला. घाटकोपरला आमच्या बचत गटाचं पोळीभाजी केंद्र आहे, तिथे रोज पहाटे साडेपाचला मी हजर असते. माहेर अकोले तालुक्यातलं, कळसूबाईच्या बाजूचं. वय सत्तेचाळीस. हे सगळं आधी सांगते, कारण "नेपाळला एकटी डोंगर चढायला गेली" म्हटलं की ऐकणारीला वाटतं, असेल कुणी पैसेवाली, नाहीतर कॉलेजातली पोरगी. रेडिओवरच्या ताईंनी मला एवढंच सांगितलं की जे झालं ते खर्चासकट सांगा. तसंच सांगते.

सुरुवात कर्जापासून. पोस्टात माझं आवर्ती ठेवीचं खातं होतं, त्यात तीस हजार जमले होते. कमी पडत होते पंधरा. गटाच्या बैठकीत मी अर्ज ठेवला. आमच्याकडे शिलाई मशीन, मुलांची फी, दवाखाना, गावाकडच्या घराचे पत्रे, अशा कामांना कर्ज मिळतं. फिरायला जायला कुणी मागितलंच नव्हतं. सचिव ताई पेन हातात धरून बसल्या, रजिस्टरात कारण काय लिहायचं ते त्यांना कळेना. एक जण म्हणाली, "बाई, नवऱ्याबरोबर काशीला जा, त्याला देऊ." दुसरी म्हणाली, "तिथे काही झालं तर हप्ते कोण भरणार?" हा प्रश्न खरा होता, मला त्याचा राग आला नाही. तासभर बोलणं झालं. शेवटी आमच्या गटातल्या सगळ्यात मोठ्या आजी म्हणाल्या, "तिचे हप्ते आजवर कधी चुकलेत का? मग कारण तिचं तिला माहीत." महिना दीड टक्का व्याज, दहा हप्ते. रजिस्टरात 'इतर' असं लिहिलं.

घरी वेगळंच. मुलगा म्हणाला, बरोबर कोण आहे? सासूबाई म्हणाल्या, बरोबर कोण आहे? शेजारीण, दूधवाला, सगळ्यांचं तेच. डोंगर केवढा उंच, थंडी किती, हे कुणीच विचारलं नाही.

नेपाळ का, तेही सांगते. भारतीय माणसाला तिथे व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा आपलं मतदार ओळखपत्र चालतं. आधार कार्डावर विसंबू नका, मी मतदार कार्ड नेलं होतं. कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून गोरखपूरला गाड्या आहेत, दीड दिवसाचा प्रवास. गोरखपूरहून बसने सोनौली, तिथे कमानीखालून चालत पलीकडे गेलं की नेपाळ. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करायचं. आपल्या शंभर रुपयांचे तिथे एकशे साठ होतात. मी 2024 च्या नोव्हेंबरात, दिवाळीच्या फराळाची ऑर्डर उरकून गेले. तेव्हा शंभराच्या वरच्या आपल्या नोटा तिथे नेता येत नव्हत्या, म्हणून शंभराच्या नोटा दोन ठिकाणी शिवून नेल्या. हे नियम बदलत असतात, निघण्याआधी बँकेत विचारून घ्या.

आता तयारी. दर रविवारी मी बोरिवलीच्या नॅशनल पार्कात जायची, गेटपासून कान्हेरी लेण्यांपर्यंत चालत आणि चालत परत. पाठीवरच्या पिशवीत सहा किलो तांदूळ. तिकडच्या बायका हसायच्या, या बाई लेण्यात भात घालायला निघाल्या काय म्हणून. खरं सांगायचं तर पाय मला माहेरानेच दिले होते. लहानपणी नवरात्रात कळसूबाईच्या यात्रेला वर चढायचो, तेव्हा शिड्यांची मौज वाटायची. हंडे आणि मोळ्या वाहून माझ्या आईचे गुडघे गेले. डोंगर चढण्याला खेळ म्हणतात, हे मला मुंबईत आल्यावर कळलं. आमच्या मुलुंडात चक्रम हायकर्स नावाची जुनी संस्था आहे, पाठीला सॅक लावून निघालेली पोरं-पोरी मी वर्षानुवर्षं स्टेशनवर बघत आले होते.

आणि या खेळात आपल्याकडच्या मुली फार पुढे गेल्यात. साताऱ्याची प्रियंका मोहिते 2013 साली एव्हरेस्टवर गेली आणि 2021 च्या एप्रिलात अन्नपूर्णेच्या माथ्यावर. ते शिखर 8,091 मीटरचं, तिथे पोहोचलेली ती पहिली भारतीय बाई. पुण्याची वेदांगी कुलकर्णी 2018 साली वयाच्या विसाव्या वर्षी एकटी सायकलवर जगाला फेरी मारून आली, 29,000 किलोमीटर. स्पेनमध्ये तिला चाकू दाखवून लुटलं, तरी तिने फेरी पुरी केली. माझं जाणं या पोरींच्या पासंगालाही पुरणारं नाही. मला फक्त अन्नपूर्णेच्या बेस कॅम्पपर्यंत जायचं होतं, म्हणजे 4,130 मीटर. आपली कळसूबाई 1,646 मीटर, यावरून अंदाज करा.

पोखरा नावाचं तळ्याकाठचं शहर आहे, तिथून ही वाट निघते. 2023 च्या एप्रिलपासून नेपाळमध्ये एकट्या परदेशी ट्रेकरने परवाना असलेला गाईड घ्यावा असा नियम आहे. नियम नसता तरी मी घेतलाच असता. पोखऱ्यात तीन छेत्री बहिणींनी 1990 च्या दशकात बायकांसाठी बायका गाईड असं काम सुरू केलं आणि गरीब डोंगराळ जिल्ह्यांतल्या मुलींना त्याचं शिक्षण द्यायला लागल्या. आता तिथे बायका गाईड सहज मिळतात. माझी गाईड चोवीस वर्षांची, जुमला जिल्ह्यातली. हिंदी चांगलं बोलायची. पहिल्या दिवशीच तिने सांगितलं, "दिदी, बिस्तारै." म्हणजे हळू. आठवडाभरात तो शब्द मी हजारदा ऐकला असेन.

वाट सुंदर आहे, पण पायऱ्यांची. छोमरोंग नावाच्या गावातून दगडी पायऱ्या खाली नदीपर्यंत उतरतात आणि पलीकडे तेवढंच वर चढायचं. त्या पायऱ्यांवरून बायका डोक्याच्या पट्ट्यावर डोको अडकवून, म्हणजे बांबूची उभी टोपली पाठीवर घेऊन, तांदूळ आणि लाकडं नेतात. त्यांना वाट द्यायला आम्ही कडेला उभ्या राहायचो. जेवायला दोन्ही वेळा डाळभात, तोच सगळ्यात स्वस्त, कारण पोट भरेपर्यंत पुन्हा पुन्हा वाढतात. राहायला साध्या लाकडी खोल्या. आतून कडी लागते का हे मी पैसे देण्याआधी बघायची आणि रोज संध्याकाळी मुलाला गावाचं नाव कळवायची.

आता चूक सांगते.

आम्ही बांबू नावाच्या मुक्कामी होतो, साधारण 2,300 मीटर. दुसऱ्या दिवशी गाईड म्हणाली, आज हिमालया या ठिकाणी थांबू, 2,900 वर. मी हिशेब केला. एक मुक्काम वाढला म्हणजे तिची 2,200 रुपये मजुरी आणि माझं राहणं-खाणं 1,300, म्हणजे साडेतीन हजार. गटाचे पैसे. मी म्हटलं, मला काही होत नाही, पुढे चल. आम्ही थेट देउरालीला गेलो, 3,200 च्या वर. एका दिवसात नऊशे मीटर. तिथलं शास्त्र असं आहे की 3,000 च्या वर गेल्यावर रोजचा झोपण्याचा मुक्काम पाचशे मीटरपेक्षा जास्त चढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं. वर हवा विरळ असते, श्वासागणिक प्राणवायू कमी मिळतो आणि शरीराला त्याची सवय व्हायला वेळ लागतो. तुम्ही किती धडधाकट, याच्याशी त्याचा संबंध नाही.

दुसरी चूक पाण्याची. ही आपल्याला चांगली ठाऊक आहे. संडास खोलीबाहेर, रात्री कडाक्याची थंडी, म्हणून मी दुपारनंतर पाणीच बंद केलं. गावात असताना उजेडात जाता येत नाही म्हणून आपण करायचो, तेच. इतक्या वर्षांची सवय, सात दिवसांत कशी सुटेल?

रात्री डोकं ठणकायला लागलं. सकाळी गाईडला मी सांगितलंच नाही. अडीच तीन तासांत आम्ही मच्छापुच्छ्रे बेस कॅम्पला पोचलो, 3,700 मीटर. समोर पांढरे शुभ्र डोंगर, आणि मी त्या लॉजच्या भिंतीमागे ओकत होते. दोनदा. गाईडने मला आत नेलं. जमिनीवरच्या फळीच्या रेघेकडे बोट दाखवून म्हणाली, "दिदी, यावरून चालून दाखवा. एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या अंगठ्याला लावत." मला हसू आलं. चौथ्या पावलाला माझा तोल गेला. पुन्हा केलं, पुन्हा गेला. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

तिने समजावलं. नुसतं डोकं दुखत असेल तर आहे तिथेच थांबून बघता येतं. पण तोल जायला लागला, बोलण्यात गोंधळ झाला, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर मेंदूत किंवा फुप्फुसात पाणी साठत असू शकतं. मग उपाय एकच, ताबडतोब खाली. गोळी घेऊन वर जायचं नाही, सकाळची वाट बघायची नाही.

मी तिच्याशी भांडले, मैत्रिणींनो. फक्त चारशे तीस मीटर राहिले होते, दोन तासांची वाट. तिला म्हटलं, माझ्या गटाने मला पैसे दिलेत, मी त्यांना काय तोंड दाखवू? ती म्हणाली, "मी बॅग उचलते. तुम्ही ठरवा." आणि बॅग उचलून दारात उभी राहिली. नवरा नाही, मुलगा नाही, सासूबाई नाहीत. आयुष्यभर कुणीतरी नाही म्हणालं आणि मी गप्प बसले, नाहीतर चिडून केलं. इथे नाही म्हणायचं तर मलाच म्हणायचं होतं. पाच एक मिनिटं मी त्या बाकावर बसून रडले. मग उठले आणि खाली निघाले.

संध्याकाळी आम्ही डोवानला पोचलो. हजार एक मीटर उतरल्यावर डोकं असं हलकं झालं, जणू कुणी घट्ट बांधलेला रुमाल सोडला. मी दोन वेळा डाळभात मागून घेतला. गाईड म्हणाली, "आता दिदी परत आली."

खर्च सांगते. रेल्वे जाऊन-येऊन 1,600, बस आणि जीप 4,200, दोन परवान्यांचे मिळून आपले 1,250, गाईड सात दिवसांचे 15,400 आणि वर खुशीने 1,500, वाटेवरचं राहणं-खाणं 9,100, पोखऱ्यातलं 3,600, बूट 2,400, औषधं आणि किरकोळ 1,000, विमा 1,400. विमा घेताना तो किती उंचीपर्यंत चालतो ते विचारा, कारण आजारी पडल्यावर हेलिकॉप्टर बोलवायचं झालं तर लाखांत जातं. एकूण 41,450.

म्हणजे 3,550 उरले. आणि त्यांचं मी काय केलं? पोखऱ्यात सारंगकोट नावाची टेकडी आहे, तिथून पॅराग्लायडिंग करतात. पाठीमागे शिकलेला पायलट बांधलेला असतो, आपण फक्त धावत सुटायचं. त्याला 4,800 लागले, वरचे 1,250 माझ्या फराळाच्या वाट्यातले. खाली फेवा तळं, त्यात रंगीत होड्या, वर गिधाडं, आणि समोर तेच डोंगर, जिथून मी परत फिरले होते. वीस-पंचवीस मिनिटं. सगळा वेळ मी ओरडत होते म्हणे.

परत आल्यावर बैठकीत मी सगळं सांगितलं, उडण्याचंसुद्धा. एक जण भडकली. म्हणाली, उरलेले पैसे गटाचे होते, ते आधी परत करायचे. तिचं म्हणणं बरोबर की माझं, यावर अजून आमच्यात एकमत नाही. मला आपलं वाटतं, कर्ज एकदा घेतलं की खर्च माझा आणि हप्ते माझे. ते मी गेल्या सप्टेंबरात फेडले, एकही चुकला नाही. ती मात्र माझ्याशी महिनाभर धड बोलली नाही. साडेतीन हजार वाचवायला मुक्काम टाळला, आणि तेवढेच पैसे शेवटी उडण्यात घातले, हेही तिनेच मला दाखवून दिलं. त्यावर मला उत्तर सुचलं नाही.

त्या दिवशी बैठक संपल्यावर आजी माझ्याजवळ आल्या. डोंगराचं त्यांनी काही विचारलं नाही. म्हणाल्या, "सोनौलीपासून लुंबिनी किती लांब?" मी म्हटलं, जवळच, सीमेपलीकडच्या भैरहवाहून तासाभराची बस. त्यांच्या गावाकडून दरवर्षी लुंबिनीला बस जाते, पण दरवेळी नातवंडं, नाहीतर घरातलं आजारपण, त्यांचं राहूनच गेलं. त्यांना बसबरोबर जायचं नव्हतं. "सगळे घाई करतात," म्हणाल्या, "मला तिथे दोन दिवस नुसतं बसायचंय."

मी त्यांचं मतदार कार्ड बघितलं. नाव चुकीचं छापलेलं, वयही आठ वर्षांनी कमी. दुरुस्तीसाठी आठ नंबरचा फॉर्म भरून दिलाय. त्यांचा कर्जाचा अर्ज पुढच्या बैठकीत येणार आहे, बारा हजारांचा. रजिस्टरात कारण काय लिहायचं, ते सचिव ताईंनी या वेळी आधीच विचारून ठेवलंय.