याद्या झाल्या, हप्त्याचं काय?



डब्लिनच्या दक्षिणेला लुआस ट्रामची हिरवी लाइन जिथे संपते, त्या थांब्याचं नाव ब्राइड्स ग्लेन. सरळ अर्थ घेतला तर नवरीची दरी. त्याच्या अलीकडचा थांबा चेरीवूड, तिथे मी राहते. 2010 साली ट्राम इथवर आली, मग हळूहळू इमारती उठल्या. ओळखीतल्या कुणाचं लग्न ठरलं की मी दोघांना चहाला बोलावते आणि विचारते, पैशाचं बोलणं झालं का?

उत्तर ठरलेलं: "हो काकू, बैठकीत सगळं झालं."

बैठकीत काय होतं ते मला ठाऊक आहे. 1994 साली साताऱ्यात माझ्या याद्या झाल्या. कुंकू लावलेल्या कागदावर कार्यालयाचं भाडं कुणाकडे, मानाचे पोशाख किती, मंगळसूत्र कोण करणार, वऱ्हाडाच्या गाडीचं डिझेलसुद्धा. खाली दोन्हीकडच्या थोरांच्या सह्या. ज्या दोघांना पुढे जन्मभर एक तारखेचा पगार पुरवायचा होता, त्यांना कुणी काही विचारलंच नाही. नणंदेच्या लग्नासाठी ह्यांनी पतपेढीचं कर्ज काढलंय, हे मला चौथ्या महिन्यात कळलं, फ्रिज घ्यायला निघालो तेव्हा. कर्जाचं मला काही वाटलं नाही. चार महिने मी मनातल्या मनात त्या फ्रिजला जागा करत होते, त्याचा राग आला.

म्हणून आपल्या लोकांत लग्नाआधी पैशाचं बोलत नाहीत असं कुणी म्हटलं की मला हसू येतं. पै-पैचं बोलतात! पण बोलतात आईवडील, आणि तेही एका दिवसाच्या खर्चाचं.

परदेशात हे अंगाशी येतं. इथे 'हेल्प टू बाय' नावाची योजना आहे. पहिलं घर नवं कोरं घेत असाल तर तुम्ही भरलेल्या करातून सरकार 30,000 युरोपर्यंत परत देतं. दोघांनी मिळून घ्यायचं तर दोघांचंही ते पहिलंच हवं, आणि परदेशात विकत घेतलेलं घरसुद्धा मोजलं जातं. माझ्याकडे आलेल्या एका मुलानं पहिल्या नोकरीतच, वडिलांच्या आग्रहानं, हडपसरला फ्लॅट घेतलेला. मुलीला तो माहीत होता. स्थळाच्या माहितीत 'स्वतःचा फ्लॅट' हे पहिल्याच ओळीत होतं. तेव्हा ती जमेची बाजू होती. त्यापायी इथले 30,000 हातचे जातील हे दोघांच्याही गावी नव्हतं. विकूनही उपयोग नाही, एकदा घेतलं की घेतलं. आणि विकणार तरी कसा? त्यात त्याचे आईवडील राहतात.

कॅथलिक पद्धतीनं चर्चमध्ये लग्न करणारी जोडपी इथे आधी विवाहपूर्व वर्गाला जाऊन बसतात. आपल्याकडे तशी सोय नाही, पण मुदत सगळ्यांना सारखीच मिळते: लग्न आयर्लंडमध्ये करायचं तर नोंदणी अधिकाऱ्याला किमान 3 महिने आधी कळवावं लागतं. ते 3 महिने कपड्यांत आणि मेनूत जातात. त्यातली एक संध्याकाळ मी मागते. पगार किती, हप्ते किती, भिशी, हातउसने, कुणाला जामीन राहिलात का, हे सगळं एका कागदावर काढायला लावते. मुलं हुशार असतात, अर्ध्या तासात कागद भरतो.

अडतं ते एका ठिकाणी. हडपसरच्या फ्लॅटवाल्या त्या दोघांचंही तिथेच अडलं. मुलगा दरमहा घरी पैसे पाठवतो हे तिनं न विचारताच लिहून टाकलं होतं. मग पेन हातात तसंच धरून ती म्हणाली, "लग्नानंतर मीही माझ्या आईला पाठवणार आहे."

तो कपाकडे बघत राहिला. बऱ्याच वेळानं म्हणाला, "किती?"

"तू पाठवतोस तेवढेच."

तिनं कागद त्याच्याकडे सरकवला. मी दुसरा चहा टाकायला उठले.