चेतकचा हीरक महोत्सव

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त कोरमंगला, बंगळुरू येथे भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यान)



कोरमंगलात राहणाऱ्यांना हेलिकॉप्टरच्या आवाजाचे फारसे अप्रूप उरलेले नाही. येथून ईशान्येला चार-पाच किलोमीटरवर हिंदुस्थान एअरोनॉटिक्सची जुनी धावपट्टी आहे. मे 2008 मध्ये देवनहळ्ळीचा नवा विमानतळ सुरू होईपर्यंत बंगळुरूची सारी प्रवासी विमाने तेथेच उतरत. त्यांची वर्दळ देवनहळ्ळीला गेली, तरी कारखान्यातून बाहेर पडणारी हेलिकॉप्टरे अजून याच आकाशात आपली परीक्षा देतात. ज्यांचा कान तयार आहे, त्यांना नव्या ‘ध्रुव’चा भरीव घोष आणि जुन्या ‘चेतक’ची तीन पात्यांची फटफट व तिच्यामागची इंजिनाची बारीक शीळ यांतला फरक खिडकीशी न जाताही कळतो. आजचा विषय आहे ती ही शीळ. ती आता विरळ होत चालली आहे.

महाराष्ट्रातल्या शाळांचे हेलिकॉप्टरशी एक वेगळे नाते आहे. निवडणुकीचा हंगाम असो की पूर-दुष्काळाची पाहणी, गावात सपाट आणि मोकळी जागा एकच असे, ती म्हणजे शाळेचे मैदान. आदल्या दिवशी चुन्याचे वर्तुळ आखले जाई, मधोमध इंग्रजी ‘एच’ काढला जाई, धुरळा बसावा म्हणून टँकरने पाणी मारले जाई, आणि वाऱ्याची दिशा कळावी म्हणून एका कोपऱ्यात ओले गवत धुमसत ठेवले जाई. मग तास कोणताही असो, फळ्याकडे कोणाचे लक्ष राहत नसे. पाहुणे कोण होते आणि भाषणात काय म्हणाले, हे पुढे कोणाला आठवत नाही. आठवतात त्या उडालेल्या टोप्या, डोळ्यांत गेलेली माती आणि जमिनीपासून पुरुषभर उंचीवर क्षणभर थबकलेले ते यंत्र.

ते थबकणे हेच त्याचे सारे वैशिष्ट्य. विमानाला त्याचे पंख उचलून धरतात. पण त्यासाठी त्याला सतत पुढे धावावे लागते. हेलिकॉप्टर स्वतः न धावता पंखच फिरवते. डोक्यावरची पाती हवा खाली लोटतात आणि यंत्र वर उचलले जाते. मात्र पाती एका दिशेला फिरली की खालचा देह उलट दिशेला गरगरू पाहतो. त्याला आवर घालण्यासाठी शेपटीवर लहान पंखा लागतो. इगोर सिकोर्स्की यांनी 1939 साली अमेरिकेत ही रचना यशस्वी करून दाखवली. 1946 साली ‘बेल 47’ या काचेच्या बुडबुड्यासारख्या हेलिकॉप्टरला नागरी वापराचा पहिला परवाना मिळाला. कोरियाच्या युद्धात त्याच यंत्राच्या दोन्ही अंगांना स्ट्रेचर बांधून जखमी सैनिक रुग्णालयात पोहोचवले गेले. धावपट्टी नसेल तेथे उतरावे आणि अडकलेल्याला उचलून आणावे, हा हेलिकॉप्टरचा धर्म तेव्हाच ठरला.

भारतीय हवाई दलात पहिले हेलिकॉप्टर, सिकोर्स्की एस-55, 1954 साली आले. पुढे बेल 47 आले, रशियाचे अगडबंब मी-4 आले. सर्वसामान्य माणसाने मात्र हेलिकॉप्टर पाहिले ते बहुधा पडद्यावर. 1967 च्या ‘ॲन इव्हनिंग इन पॅरिस’मध्ये हेलिकॉप्टरमधून बाहेर झुकून गाणारा शम्मी कपूर त्या पिढीने कधी विसरला नाही. पण त्याच्या दोन वर्षे आधीच बंगळुरूत एक अधिक महत्त्वाची गोष्ट घडून गेली होती.

भारताला हिमालयात चालणारे हलके हेलिकॉप्टर हवे होते. उंचावर हवा विरळ होते. पात्यांना लोटायला हवा कमी आणि इंजिनाला जाळायलाही कमी. फ्रान्सच्या ‘अलुएट 3’ या हेलिकॉप्टरने 1960 साली सात माणसांसह माँ ब्लाँ शिखरावर उतरून दाखवले होते आणि त्याच वर्षी हिमालयात 6,004 मीटर उंचीवरही. त्याच्या ‘आर्तुस्त’ इंजिनाची मूळ ताकद 870 अश्वशक्तीची. ती मुद्दाम 570 वर रोखून ठेवलेली होती. त्यामुळे उंचावर जोर घटू लागला तरी गाठीला शिल्लक राहत असे. 1962 साली हे हेलिकॉप्टर भारतात बनवण्याचा करार झाला आणि 11 जून 1965 रोजी बंगळुरूत जोडलेल्या पहिल्या यंत्राने उड्डाण केले. अलुएट म्हणजे चंडोल पक्षी. फ्रान्सचा हा चंडोल भारतात येऊन राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेता झाला. शाळेच्या पहिल्या तुकड्या पाटी-पेन्सिल घेऊन बसत होत्या, त्याच काळात चेतकची ही पहिली तुकडी तयार होत होती.

ज्या कारखान्यात हे घडले, त्याच्या मुळाशी एक सोलापूरकर आहे. शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा. म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल दिले आणि 23 डिसेंबर 1940 रोजी ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ची स्थापना झाली. दुसरे नाव डॉ. विष्णू माधव घाटगे यांचे. कोल्हापूरकडचा हा विद्वान जर्मनीत गॉटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकला, बंगळुरूत आला आणि भारतीय अभियंत्यांची पहिली फळी घडवू लागला. त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले ‘एचटी-2’ हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट 1951 मध्ये उडाले. घाटगे यांची विद्या विमानांची होती, हेलिकॉप्टरांची नव्हे. पण परदेशी आराखड्यावरून यंत्र जोडणाऱ्या हातांना एक दिवस स्वतःचा आराखडा काढता आला पाहिजे, ही या कारखान्यातली आकांक्षा त्यांच्या पिढीची देणगी आहे. 20 ऑगस्ट 1992 रोजी स्वदेशी ‘ध्रुव’ याच धावपट्टीवरून उडाले, तेव्हा ती हेलिकॉप्टरांपुरती फळाला आली. मधली 27 वर्षे हातांना वळण लावले ते चेतकने.

बंगळुरूत तीनशेहून अधिक चेतक तयार झाले. नेपाळ, मॉरिशस, नामिबिया या देशांतही ते गेले. त्यांनी कामे केली ती बहुतांशी बातमीत न येणारी. ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेवरून लढाऊ विमान उडताना वा उतरताना एक चेतक बाजूला हवेत उभे असे. विमान समुद्रात पडले तर वैमानिकाला उचलण्यासाठी. दिवस सुखरूप गेला, तर त्याने काहीच केले नाही असे दिसे. सप्टेंबर 1971 मध्ये नागालँडच्या दिमापूर येथे बांगलादेशी वैमानिकांची ‘किलो फ्लाइट’ उभी राहिली, तेव्हा भारताने दिलेल्या मोजक्या यंत्रांत एक अलुएट होते. त्यावर रॉकेटे आणि मशीनगन बसवली गेली आणि 3 डिसेंबरच्या रात्री त्याने नारायणगंजजवळचे तेलसाठे पेटवले. वाचवण्यासाठी जन्मलेल्या यंत्राला लढावेही लागले.

चेतकचा धाकटा भाऊ ‘चीता’. अलुएट 2 चा हलका सांगाडा आणि अलुएट 3 चे इंजिन व पाती यांची सांगड घालून फ्रेंचांनी भारतीय सैन्यदलांच्या गरजेसाठीच ‘लामा’ घडवले. त्याचा भारतीय अवतार म्हणजे चीता. 21 जून 1972 रोजी झाँ बुले यांनी लामा 12,442 मीटर उंचीवर नेले. तेथे इंजिन विझले आणि ते पुन्हा पेटेना. खालून येणाऱ्या हवेवर पाती नुसती फिरत राहिली आणि त्यांच्याच आधाराने बुले सुखरूप जमिनीवर उतरले. इंजिन गेले तरी हेलिकॉप्टर दगडासारखे कोसळत नाही, याचा एवढ्या उंचीवरून दिलेला दाखला दुसरा नाही.

एप्रिल 1984 मध्ये सियाचीनवर पहिली भारतीय तुकडी उतरली ती चीतांमधून. तेव्हापासून त्या हिमनदीवरच्या चौक्या या यंत्राच्या भरवशावर जगल्या. वर जाताना वजन इतके काटेकोर मोजावे लागते की केरोसिनचा एखादा डबा हाही हिशेबाचा विषय होतो. उतरायची जागा एखाद्या अंगणाएवढी. तेथे रेंगाळायची सोय नाही. वर जाताना रॉकेल आणि टपाल, परतताना हिमदंशाने बोटे काळी पडलेला जवान. कोल्हापूर-साताऱ्याच्या कितीतरी घरांत मुलाचे पत्र या वाटेने आले आहे आणि काही घरांत मुलगाही याच वाटेने परतला आहे.

येथवर स्मरणरंजन सोपे आहे. अवघड प्रश्न पुढचा आहे.

एप्रिल 2022 मध्ये हैदराबादजवळ हकीमपेठ येथे हवाई दलाने चेतकच्या सेवेची साठ वर्षे साजरी केली. शाळेचा आणि चेतकचा हीरक महोत्सव असा मागेपुढेच आला. पण शाळेचे साठ वर्षांचे होणे आणि यंत्राचे साठ वर्षांचे होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळेत दर जूनला नवी मुले येतात. तिचे वय वाढते, पण वर्ग म्हातारा होत नाही. यंत्राला ती सोय नाही. चेतक आणि चीता यांना इंजिन एकच. मूळ आराखड्यात हवामान दाखवणारे रडार नाही, आपोआप तोल सांभाळणारी योजना नाही. फ्रान्समध्ये या दोन्ही हेलिकॉप्टरांचे उत्पादन 1980 च्या दशकातच थांबले. स्वित्झर्लंडच्या हवाई दलाने अलुएट 3 ला 2010 साली निरोप दिला, फ्रेंच नौदलाने 2022 साली. भारतात मात्र अपघातांच्या बातम्या येत राहिल्या. 2015 साली लष्करी अधिकाऱ्यांच्या पत्नींनी तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांच्यापुढे मागणी ठेवली, की ही जुनी हेलिकॉप्टरे आता थांबवा. नाशिकच्या गांधीनगरमध्ये भूदलाच्या वैमानिकांना हेलिकॉप्टरचे शिक्षण मिळते. त्यामुळे हा प्रश्न महाराष्ट्राला परका नाही. जमिनीवरून वर पाहणाऱ्याला तो आवाज गोड वाटतो. ज्या घरातला माणूस त्या आवाजाच्या आत बसलेला असतो, त्या घराला तो वेगळा ऐकू येतो.

जुन्या यंत्रावर प्रेम करायचे म्हणजे काय, याचे उत्तर त्या स्त्रियांच्या मागणीत सापडते. चेतक नालायक होते, असा त्या मागणीचा अर्थ नव्हता. ज्याने आयुष्यभर इतरांना वाचवले, त्याच्याकडून आता कोणाचा घात होऊ नये, एवढाच तिचा अर्थ. आख्यायिकेतला चेतक जखमी पायाने धन्याला हल्दीघाटातून ओढ्यापलीकडे घेऊन गेला आणि कोसळला. तेथे त्याचे स्मारक आहे. त्याने दुसऱ्यांदाही ती उडी मारायला हवी होती, असे कोणी म्हणत नाही. यंत्राच्या वाट्याला अशी वीरगती येऊ देणे हा त्याचा गौरव नव्हे. ती माणसांची हयगय ठरते.

पर्याय याच शहरात आकाराला आला आहे. हलके बहुउपयोगी हेलिकॉप्टर 6 सप्टेंबर 2016 रोजी बंगळुरूतच प्रथम उडाले. तुमकुरू जिल्ह्यात गुब्बीजवळ त्यासाठी उभारलेल्या कारखान्याचे उद्घाटन 6 फेब्रुवारी 2023 रोजी झाले. चेतक-चीतांची जागा घेण्यासाठीच त्याचा जन्म आहे. नव्याला जितका उशीर होतो, तितका भार जुन्याच्या खांद्यावर राहतो. म्हणून जुन्याची खरी माया असणाऱ्याने नव्याची घाई केली पाहिजे.

निरोपानंतर उरते ते जतनाचे काम. गोव्यात बोगमाळो येथे नौदलाच्या विमानसंग्रहालयात चेतक पाहता येते. बंगळुरूत जुन्या विमानतळाच्या रस्त्यावर हिंदुस्थान एअरोनॉटिक्सचे संग्रहालय 2001 पासून आहे. कोरमंगलातून ते एका सकाळीच्या अंतरावर आहे. मुलांना मॉलमध्ये नेण्याऐवजी एखाद्या रविवारी तेथे नेणे कोणत्याही पालकाला जमण्यासारखे आहे. पण संग्रहालयात पत्रा राहतो. हात राहत नाहीत. पात्याचा तोल बोटांनी ओळखणारे, इंजिनाच्या आवाजावरून बिघाड सांगणारे, विमानपुऱ्याच्या वसाहतीत आयुष्य काढलेले कारागीर आता सत्तरी-ऐंशीत आहेत. त्यांत कन्नड, तमिळ, मल्याळी, तसेच मराठीही. त्यांच्या आठवणी कोणत्याही लॉगबुकात नाहीत. शाळेच्या ज्या माजी विद्यार्थ्यांच्या शेजारी वा घरात असा एखादा वृद्ध असेल, त्यांनी वही घेऊन त्याच्यापुढे बसावे. शुद्धलेखन शाळेने शिकवलेच आहे. ते यासाठी उपयोगी पडावे.

हेलिकॉप्टरने शिकवलेली गोष्ट साधी आहे. वेगाने पुढे जाणारी यंत्रे पुष्कळ आहेत. अडकलेल्या माणसासाठी थांबणारे यंत्र विरळा. चेतक साठ वर्षे असे थांबत आले. आता त्याला सन्मानाने खाली उतरवावे, पाती थांबेपर्यंत जवळ उभे राहावे आणि मग ज्यांनी ते घडवले, उडवले, दुरुस्त केले, त्यांची नावे लिहायला घ्यावीत. ही नावे मराठीतही लिहिली जावीत, एवढीच या व्यासपीठावरून विनंती.