वासराचा बाप कोणता?

गाय माजावर आली, भरवली. 21 दिवसांनी उलटली, पुन्हा भरवली. पण या खेपेला रेतमात्रा दुसऱ्या वळूची मिळाली. मध्ये गावचा मोकाट वळूही फिरून गेला. पुढं कालवड झाली. तिचा बाप म्हणून वहीत कोणाचा नंबर घालायचा? बरेच जण आठवेल तो घालतात. ब्रिटनमध्ये 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दुभत्या जनावरांच्या सुमारे 10 टक्के नोंदींत बाप चुकीचा निघाला होता, म्हणजे हा घोळ केवळ आपल्याकडचाच नाही.

यात नुकसान तुमचंच आहे. वळू काही दूध देत नाही. त्याची पारख होते लेकींच्या दुधावरून. दुसऱ्याच्या लेकी त्याच्या नावावर पडल्या, तर चांगला वळू मागं राहतो. शिवाय बाप ठाऊक नसला की कालवड मोठी झाल्यावर तिला तिच्याच बापाची रेतमात्रा दिली जाण्याचा धोका असतो.

पूर्वी ही शंका रक्तगटावरून सोडवीत. आता डीएनएमधील आनुवंशिक खुणा पाहतात. प्रत्येक खुणेच्या वासराकडे दोन प्रती असतात, एक आईची आणि एक बापाची. समजा, एका खुणेचे वासराचे आकडे 180 आणि 188 आले, गाईचे 180 आणि 184. मग 188 बापाकडूनच आला पाहिजे. संशयित वळूचे आकडे 182 आणि 186 असले, तर तो बाप नसावा. एकाच खुणेवर मात्र निकाल देत नाहीत, कारण क्वचित खूण पिढी बदलताना बदलते. म्हणून अनेक खुणा तपासतात. दोन-तीन ठिकाणी मेळ बसला नाही, की त्या वळूचं नाव काढायचं. सगळीकडे बसला, तर तोच बाप असण्याची शक्यता फार मोठी. दोन वळू सख्खे भाऊ असतील, तर खुणा जास्त घ्याव्या लागतात.

नमुन्यासाठी शेपटीच्या गोंड्याचे 25-30 केस मुळासकट उपटा. कात्रीनं कापलेले चालत नाहीत, डीएनए मुळात असतो. जुळ्या वासरांचं रक्त गर्भातच एकमेकांत मिसळलेलं असू शकतं, तिथं रक्तापेक्षा केसच बरे. केस कोरडे करून कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते. पाकिटावर बिल्ल्याचा नंबर त्याच वेळी लिहा. आणि प्रत्येक रेतनानंतर नळीवरचा वळूचा नंबर तारखेसह वहीत उतरवून घ्या, म्हणजे कोणत्या वळूशी ताडून पाहायचं ते प्रयोगशाळेला सांगता येईल.