फी माफ केली, पुढे काय?



 माझा धंदा अडतीचा; हळदीच्या सौद्यांत हयात गेली. परिषदेच्या स्वागताध्यक्षाला सुरात गावं लागत नाही, मंडपवाल्याची आणि आचाऱ्याची बिलं भागवली की झालं, असं सांगून मंडळींनी मला या खुर्चीत बसवलं. बिलं भागवीनच. पण माइक हाती आलाय, तर थोडं बोलून घेतो.

मिरजेची ओळख आपल्याला करून द्यायला नको. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा भोपळा इथल्या गल्लीत येतो आणि तंबोरा होऊन देशभर जातो. 2024 साली इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. अब्दुल करीम खाँसाहेब मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावले आहेत. पण वंचित मुलांपर्यंत संगीत पोचवायच्या आजच्या विषयासाठी मला आठवतो तो शेजारच्या कुरुंदवाडचा एक मुलगा. फटाक्याने त्याचे डोळे अधू झाले. शिकून नोकरी धरायची वाट बंद झाली. मिरजेच्या अधिपतींनी त्याला आश्रय दिला आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हाती सोपवलं. 1896 पर्यंत तो इथे शिकला आणि 1901 साली त्याने लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. विष्णु दिगंबर पलुस्करांची थोरवी मी काय सांगणार? मी व्यापारी माणूस, मला त्यातला खर्चाचा भाग दिसतो. त्या मुलाला नुसती शिकवणी फुकट मिळाली नव्हती. राहणं, जेवण आणि रोज समोर गुरू, असं सगळं मिळून ते शिक्षण होतं. पलुस्करांनीही हे ध्यानात ठेवलं. त्यांच्या उपदेशक वर्गातली मुलं त्यांच्याकडेच राहत, जेवत आणि शिकत. भडोचच्या एका गरीब घरातला मुलगा एका पारशी गृहस्थाच्या मदतीने त्यांच्या मुंबईच्या विद्यालयात पोचला. ते पुढे पंडित ओंकारनाथ ठाकूर झाले.

नुसती फी काढून टाकली तर काय होतं, ते पाहायला आता व्हेनेझुएलाकडे बघा. 1975 साली होसे अंतोनियो आब्रेऊ यांनी काराकासमधल्या एका गॅरेजात अकरा मुलांना घेऊन वाद्यवृंद सुरू केला. ‘एल सिस्तेमा’ नावाने तो पसरला आणि जगभर त्याच्या नकला निघाल्या. आपल्याकडच्या भाषणांतही त्याचं नाव हटकून येतं. त्याला कर्ज देणाऱ्या इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेने पुढे त्याचं मोजमाप करवलं. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं ते असं: जिथे अभ्यास झाला त्या राज्यांतल्या त्याच वयाच्या मुलांमध्ये 46 टक्क्यांहून जास्त गरीब होती, पण वर्गात आलेल्यांत गरीब मुलं जेमतेम 17 टक्के. दार सगळ्यांना उघडं होतं, फी नव्हती, तरी असं झालं. आमच्या बाजारात याला माल निघाला पण पोचला नाही म्हणतात.

आपल्याकडेही तेच होतं. दिवाळी झाली की बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या आमच्या भागात उतरतात. कोपीत राहणारी नऊ-दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फडाच्या बांधावर असते. संध्याकाळी पाचचा आपला मोफत गायन वर्ग तिच्या काय उपयोगाचा? त्या वेळी तिला चूल पेटवायची असते. वर्गात आली तरी घरी रियाजाला वाद्य नाही. बालगृहांत वेगळी गंमत: देणगीत आलेली पेटी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली अधीक्षकांच्या खिशात. आणि परीक्षा? संगीताच्या सत्रपरीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरात आणि एप्रिल-मेमध्ये होतात. पहिल्या वेळी टोळी गाव सोडून नुकतीच आलेली असते, दुसऱ्या वेळी नुकतीच परतलेली. हे वेळापत्रक कुणी मुद्दाम केलेलं नाही, मान्य आहे. पण दहावीला संगीताच्या परीक्षांचे जे वाढीव गुण मिळतात, ते कुणाच्या घरी जातात ते बघा. ज्यांना परवडतं त्यांच्या.

आणखी एक. ही मुलं कोरी येत नाहीत. मार्केट यार्डातल्या हमालांच्या पोरांना हलगी कुणी शिकवली? बेंदराच्या मिरवणुकीत त्यांचा हात चालतो तो बघायला मी दुकान सोडून रस्त्यावर उभा राहतो. गोंधळ्याच्या घरातलं पोर संबळावर काय काय करतं! आपल्या वर्गात आल्यावर मात्र पहिलं काम हलगी बाहेर ठेवायचं. जाणकारांनी रागावू नये, पण त्याच्या हातातल्या लयीवरून तीनतालाकडे जाता येणार नाही का, याचा विचार या दोन दिवसांत व्हावा. मला वाटतं, जाता येईल. शिकवणाऱ्याला थोडा मान खाली घालून शिकावं लागेल एवढंच.

परीक्षा घेणाऱ्या संस्थांची माणसं समोर बसली आहेत. त्यांना माझी विनंती: फेब्रुवारीत, हंगाम चालू असताना, कारखान्याच्या तळावर एक केंद्र द्या. परीक्षक नेण्या-आणण्याची गाडी आमची. आम्ही काही अडत व्यापाऱ्यांनी एका हंगामाचं एका शिक्षकाचं मानधन आणि वर्गातल्या मुलांचं रात्रीचं जेवण उचलायचं ठरवलंय. हे दान म्हणून लिहू नका. पुढच्या वर्षी हिशेब मागायला आम्ही येणार आहोत.

दुपारच्या सत्रात ऊसतोड टोळ्यांच्या साखरशाळेतली मुलं आपल्यासमोर वाजवतील. त्यांना आधी जेवू द्या, सत्कार नंतर. पाहुण्यांचं भोजन मंडपाच्या मागे साडेबाराला आहे, आणि उशिरा येणाऱ्याला भाकरी गार मिळेल. आता अध्यक्षबाईंनी परिषदेचं काम सुरू करावं, अशी विनंती करतो.